जुनी गाडी, लांबचा पल्ला: वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गाडी मनात भरली, सौदा झाला, पैसेही गेले, आणि आता ती शेकडो किलोमीटरवर कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे.

प्रश्न : कोइमतूरला १९६२ची डुक्कर फियाट घेतली. ठाण्यापर्यंत साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास अंतर. एक जण बंद कंटेनरमधून आणतो म्हणतो. दुसरा उघड्या ट्रेलरवरून, बऱ्याच कमी पैशांत. तिसरा म्हणतो, ड्रायव्हर पाठवतो, चालवत आणेल. गाडी चालू आहे, पण दोन वर्षांत गावाबाहेर गेलेली नाही. काय करावं? (वाचक, वर्तकनगर, ठाणे)

तिसऱ्याला आधी नाही म्हणून टाका. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा रेडिएटर, डायनॅमो, चाकांचे बेअरिंग यांच्यावर सलग तासभर भार आलेलाच नसतो. ‘चालू आहे’ याचा अर्थ तेवढाच. त्यात स्टिअरिंगखालचा गिअर आजच्या ड्रायव्हरच्या हाताला नवखा. लिंकेजचे बुश झिजलेले असले तर दांडा दोन गिअरांच्या मध्ये अडकतो, आणि बॉनेट उघडून कुठली दांडी हलवायची हे माहीत नसलेला माणूस जोर लावून ती वाकवतो.

उरले दोघे. आमच्या मते बंद की उघडं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, गाडी कुठे पकडून बांधणार आणि वाटेत किती वेळा उतरवणार? अनेक गाड्या नेणारे कंटेनर नव्या गाड्यांसाठी बनलेले असतात. गाडी स्वतःच्या दमावर रॅम्प चढणार, चढावर हँडब्रेकवर थांबणार, असं गृहीत धरलेलं असतं. तुमची फियाट रॅम्पच्या मध्यावर बंद पडली तर दहा हमाल तिला मागच्या बंपरवरून ढकलतील. म्हणून बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: विंच (गाडी दोराने ओढून चढवणारं यंत्र) आहे का, गाडी कोइमतूरपासून त्याच ट्रकमध्ये राहणार की मध्ये डेपोत बदली होणार, आणि बांधायचे पट्टे टायरवरून जातात का.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा. नव्या गाडीला ओढण्यासाठी हूक दिलेला असतो. जुनीला तो नसतो, मग लोक दोर बंपरला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा पुढच्या आर्मला टाकतात. बंपर जाड दिसतो, पण तो धरणारे बोल्ट आतून गंजलेले असतात. स्टिअरिंगचा रॉड ओढ सहन करायला बनलेलाच नाही. तो किंचित वाकला तरी घरी आल्यावर गाडी एका बाजूला ओढते आणि कारण महिनाभर सापडत नाही. शिवाय बॉडी बांधली तर प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगा आणि पाटे दबतात, पट्टा सैल पडतो, आणि पुढच्या खड्ड्याला हिसका बसतो. चारही टायरवरून रॅचेट पट्टे घातले की चाकं जागच्या जागी राहतात आणि बॉडी आपल्या स्प्रिंगांवर मोकळी डुलते. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर ड्रायव्हरने थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, हे बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) लिहून घेता आलं तर उत्तम.

टाकीत चार-पाच लिटरच पेट्रोल ठेवा, म्हणजे चढवण्या-उतरवण्यापुरतं. बॅटरीचं टोक काढून चिंधी गुंडाळा. पण आधी बघा, कुठलं टोक बॉडीला जोडलेलं आहे. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या काही गाड्यांत प्लस टोक बॉडीला असतं. उतरवताना घाईत कुणी नेहमीसारखे जंप केबल लावले तर ठिणग्या उडतात, वायरिंग जळतं. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा. व्हीलकॅप, बॅज, आरसे, वायपर काढून वेगळे आणा. एक बॅज हरवला तर तो शोधण्यात वर्ष जातं.

आता बंद की उघडं. जून ते सप्टेंबर असेल तर बंदच. एरवी नीट बांधलेला उघडा ट्रेलर आम्हाला चालतो, एका अटीवर: गाडीवर ताडपत्री नको. वाऱ्याने ती फडफडते, खाली धुळीचे कण, आणि हजार किलोमीटरमध्ये रंगाला पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. धूळ पाण्याने जाते, हे ओरखडे जात नाहीत.

प्रश्न : इंदूरहून १९७८ची अँबेसेडर घेतली आहे. आरसी, विमा, पीयूसी सगळं चालू आहे. मालक रोज वापरत होता. चालवत आणायची फार इच्छा आहे. कसारा घाटाची मात्र धास्ती वाटते. (वाचक, ऐरोली)

रोज वापरातली आणि कागद जिवंत असलेली गाडी, त्यामुळे इच्छा वाजवी आहे. धास्तीही वाजवी आहे, ती जाऊ देऊ नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी इंदूर-देवास जाऊन-येऊन चक्कर मारा. ७०-८० किलोमीटर होतात. परतल्यावर लगेच चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या, आधी चटका लागेल या बेताने. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक-शू चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचं पाणी, इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल बघा. यातलं एकही उतरलेलं असेल तर ते कुठे गेलं हे कळल्याशिवाय निघू नका.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. बाजूला शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३११’ म्हणजे २०११चा २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा. दहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही भरलेली असो, लांबच्या रस्त्यावर नको. स्टेपनीही मोजा. तीच सगळ्यात म्हातारी असते.

पेट्रोलचा पाइप बदलून टाका, पंपापासून कार्बुरेटरपर्यंतचा छोटा तुकडाही. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आणि पंपाचा डायफ्रामही त्याच जातीचा असतो. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. इथेनॉल-सह पाइप मीटरवर मिळतो, सोबत नव्या क्लिपा घ्या आणि दोन किलोचं पावडरचं अग्निशामक डिकीत नव्हे, सीटजवळ ठेवा.

आता ब्रेक. त्या काळच्या अँबेसेडरला चारही चाकांना ड्रम, आणि बहुतेकींत सगळ्यांना मिळून एकच हायड्रॉलिक लाइन. एका व्हील सिलिंडरचा वॉशर फाटला की चारही ब्रेक जातात. म्हणून चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबरी बूट बोटाने उचलून बघा. आत ओल दिसली तर किट बदला. मग ब्रेक ऑइल पूर्ण नवं भरून हवा काढा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं, आणि उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दबते, पॅडल जमिनीला टेकतं, गाडी थांबत नाही. सपाटीवर हे कधीच कळत नाही, घाटात पंधराव्या मिनिटाला कळतं. आणि ब्रेकच्या डब्यात चुकूनही इंजिन ऑइल टाकू नका, रबरं फुगून सगळी लाइन जाम होते.

सोबत घ्यायचं सामान: फॅनबेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, रोटर, एक कॉइल, दोन प्लग, रेडिएटरचे वरचा-खालचा होज, फ्यूज, पेट्रोल पंपाचं किट, २०-डब्ल्यू-५० ऑइल दोन लिटर, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, दहा लिटर पाणी. फीलर गेज (फट मोजायच्या पत्र्या) विसरू नका. पॉइंटची फट साधारण ०.३८ मिलिमीटर, प्लगची ०.६. कंडेन्सर मात्र जुना पण चालू असलेला मिळाला तर तोच घ्या. हल्लीचे नवे कंडेन्सर डब्यातून काढल्या काढल्या मेलेले निघतात.

प्रवास दोन दिवसांचा धरा, धुळ्याला किंवा मालेगावला मुक्काम. गाडी फक्त उजेडात चालवा. डायनॅमो असेल तर दिवे, वायपर, हॉर्न सगळं एकदम चालवल्यावर बॅटरी हळूहळू उतरत जाते. वेग ६०-६५. पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट आवळून बघा. दुपारच्या उन्हात उभी करून पुन्हा सुरू करताना गाडी खोकून बंद पडली तर घाबरू नका. पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत उतरलं तर कसारा घाट टळतो खरा. पण तिथे गाड्या शंभरच्या पुढे धावतात, आणि आठेक किलोमीटरच्या बोगद्यात बंद पडणं घाटात बंद पडण्याहून वाईट. जी गाडी तासभर ८०चा वेग आरामात धरत नाही, तिने तिथे जाऊ नये.

घाटातच उतरायचं असेल तर इगतपुरीला थांबून चहा प्या आणि ब्रेक थंड होऊ द्या. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांचा सल्ला कानाआड करा. पॅडल मऊ लागलं तर दोन-तीनदा पटापट मारा, आणखी खालचा गिअर घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. तो तारेवर चालतो, हायड्रॉलिकशी त्याचा संबंध नाही. थांबल्यावर ड्रमवर पाणी ओतू नका, त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. अर्धा तास बसून राहा.

पावसाळ्यात येत असाल तर खारेगावहून कळवामार्गे ऐरोलीला वळण्याआधी विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलंय का ते विचारून घ्या. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) भिजला की घरापासून दोन किलोमीटरवर रात्र काढावी लागते.

प्रश्न : राजकोटला १९७३ची फियाट बघितली. आरसीचं जुनं पुस्तक आहे, हाताने लिहिलेलं, वैधता संपलेली. विक्रेता म्हणतो, ‘गाडी आधी घेऊन जा, एनओसी मागाहून पाठवतो.’ (वाचक, खारघर)

एनओसी, म्हणजे मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, मागाहून येत नसते. पैसे थांबवा.

हाताने लिहिलेलं पुस्तक म्हणजे बहुधा गाडीची नोंद ‘वाहन’ प्रणालीत चढलेलीच नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. काहीच आलं नाही तर राजकोटच्या आरटीओत आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागेल. हे काम मूळ कार्यालयातच होतं, आणि विक्रेता तिथे हजर असताना सोपं असतं. पैसे हातात पडल्यावर तो कुठे सापडायचा?

पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर बँकेचा बोजा बघा. १९७३ साली कुणी कर्ज काढलं असेल, फेडलंही असेल, पण शिक्का पुसला गेला नसेल. बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर त्या बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि तो मिळवायला गाडी आणण्याहून जास्त दिवस जातात.

चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. पट्टीवर ब्रश मारून, कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या, तीन-चार प्रती. पुस्तकातला नंबर आणि छाप अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. एक शून्य आणि एक ‘ओ’ यांच्या घोळात गाडी कायमची अडकू शकते. इंजिन बदललेलं असेल आणि पुस्तकात नोंद नसेल तर तोही प्रश्न तिथेच सोडवायचा.

मग फॉर्म २८ची एनओसी. त्यासोबत विक्रेत्याच्या सह्यांचे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, त्याच्या ओळखपत्राची प्रत. महाराष्ट्राचा नवा नंबर घ्यायला फॉर्म २७. खारघर रायगड जिल्ह्यात आहे, त्यामुळे तुमचं कार्यालय वाशीचं नव्हे, पनवेलचं. वैधता संपलेली आहे, तर नूतनीकरण राजकोटला की एनओसीनंतर पनवेलला, हे दोन्ही कार्यालयांना सौदा पक्का होण्याआधी विचारा. गाडी इथे आणल्यावर तपासणी, कर आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचा पर्यावरण कर आलाच.

वैधता संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, एक किलोमीटरही. तिला ट्रकच लागेल.

प्रश्न : घोडबंदर रोडला सोसायटीत राहतो. कंटेनरवाला म्हणतो, आत येणार नाही. (वाचक, ठाणे)

बरोबर म्हणतो. लांब ट्रेलरला तुमच्या गल्लीत वळताच येत नाही, आणि ठाण्यात जड वाहनांना वेळेची बंदी असते. भिवंडी किंवा कळंबोलीकडे, ट्रक उभे राहतात तिथे दिवसाउजेडी उतरवून घ्या आणि शेवटचा टप्पा छोट्या फ्लॅटबेडवर आणा. सपाट बेडचाच, पुढची चाकं उचलून ओढणारा नको. जुन्या फियाट-अँबेसेडरला मागची चाकं फिरवतात. ती रस्त्यावर फिरत राहिली आणि इंजिन बंद असलं तर गिअरबॉक्समध्ये ऑइल वर उडवणारे दाते थांबलेले असतात, मागचं बेअरिंग कोरडं चालतं. दुसरा पर्याय नसेलच, तर डिफरन्शियलच्या टोकाचे चार नट काढून प्रोपेलर शाफ्ट सोडा, वर बांधा, जोडावर खडूने खूण करून ठेवा.

सोसायटीचा पोडियम रॅम्प आधी मोजा. सायलेन्सर घासतो तो रॅम्पच्या टोकाशी, मध्यावर नाही.

प्रश्न : गाडी उतरली तेव्हा मागचा मडगार्ड चेपलेला होता. वाहतूकदार म्हणतो, आधीचंच आहे. (वाचक, नेरूळ)

चढवतानाचे फोटो असतील तरच तुमचं म्हणणं टिकेल. पुढच्या वेळी चारही बाजू, छत, काचा, किलोमीटरचा काटा आणि बांधलेले पट्टे यांचे फोटो काढून त्याच दिवशी वाहतूकदाराला पाठवा. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) छापलेलं असतं ते वाचा. गाडीची खरी किंमत बिल्टीवर जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर २००७च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीवर थांबते. भाडं २५ हजार असेल तर अडीच लाख. मडगार्डला पुरेल, संपूर्ण गाडीला पुरणार नाही.

आता तुम्ही करायचं ते: बिल्टीच्या पोचपावतीवर ‘चेपलेल्या अवस्थेत मिळाली’ असं लिहूनच सही करा. कोरी सही झाली असेल तर आजच लेखी तक्रार पाठवा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे, नाहीतर दावाच लावता येत नाही.

विमा ‘ट्रान्झिट’चा वेगळा असतो. गाडीचा नेहमीचा विमा ट्रकवरच्या प्रवासाला पुरेल असं धरून चालू नका. पॉलिसीत इनलँड ट्रान्झिट क्लॉज ‘ए’ आहे का बघा. ‘बी’मध्ये ठरावीक अपघातच येतात, ‘सी’मध्ये आग आणि वीज एवढंच. पट्टा तुटून झालेली चेप ‘ए’मध्ये बसते.

प्रश्न : आठ वर्षं बंद असलेली गाडी ट्रकवरून कळव्याला आणली. सगळे म्हणतात, बॅटरी लावून सेल्फ मारून बघ. मारू का? (वाचक, कळवा)

नका मारू. टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं. तो डिंक पंपातून कार्बुरेटरच्या जेटपर्यंत एकाच सेल्फमध्ये पोचतो. पाइप पंपाजवळ सोडा, टाकी पूर्ण रिकामी करा, वास बघा. वॉर्निशसारखा वास आला तर टाकी उतरवून धुवायची.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा. ऑइल एका रात्रीत रिंगांपर्यंत मुरत नाही, दोन-तीन दिवस द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर नको, आणखी ऑइल आणि आणखी दिवस. पूर्ण दोन फेरे सहज झाले की जुनं ऑइल काढून नवं भरा, आणि प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइलचा दाब येतो का बघा. तो आल्यावर पेट्रोल जोडायचं, तेही बाहेरच्या बाटलीतून.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली आहे. खाडीकाठच्या हवेत हे नेहमीचं. हँडब्रेक याच कारणाने सोडूनच ठेवा, ओढून ठेवलेले शू ड्रमला असेच चिकटतात. चाकांना ठोकळे लावा.

प्रश्न : व्हिंटेजचा ‘व्हीए’ नंबर घेऊ का? (वाचक, कोपरखैरणे)

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असतील आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं असेल तर २०२१च्या नियमांनुसार मिळू शकतो. नव्या नोंदणीला २० हजार, पुन्हा नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबरही ठेवता येतो. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन येऊरपर्यंत जायचा बेत असेल, तर साधी नोंदणीच नूतन करत राहा.